बाळंतपणाची खोली

आमच्या घरात दोन चुली होत्या आणि भांडण एकही नव्हतं, हे गावाला पटायचंच नाही. जावांनी वेगळं व्हायचं ते एकमेकींची तोंडं बघायची नाहीत म्हणून, असं लोक धरून चालायचे. आजोबा गेल्यावर आमच्याकडं वाटणी झाली, मधोमध कुडाची भिंत उभी राहिली, आणि आठवडा व्हायच्या आत आईनं आणि सुमनकाकूनं मिळून त्या भिंतीला खालच्या अंगाला भोक पाडलं. वाटी जाईल एवढं. तिकडून येसराची आमटी यायची, इकडून धपाटे जायचे. "अक्का, मीठ चाखून सांग गं," असा भिंतीतून आवाज आला की आई हातातली भाकरी तव्यावर टाकून तशीच खाली वाकायची. दादा, म्हणजे माझे वडील, चिडायचे. "मंग भिंत कशाला घातली? सगळा खर्चा वाया गेला ना!" आई म्हणायची, "भिंत तुमा भावाभावांत हाये. आमचं आमी बघतो."

आमचं गाव परतूरपासून फार लांब नाही, पण वाटेतला ओढा आणि ती रस्त्यातली खडी यांनी ते लांब करून ठेवलेलं होतं. हे आईला जितकं माहीत होतं तितकं कुणालाच नव्हतं. माझ्या पाठचं लेकरू तिला त्या वाटेवरच झालं, भाड्याच्या जीपमध्ये, ओढ्याच्या अलीकडं. मुलगा होता. रडलाच नाही. काकू तेव्हा नवी नवरी, हिरव्या चुड्याची, आईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. आईला त्यानंतर परत दिवस गेले नाहीत. दोघी त्या दिवसाबद्दल कधी बोलायच्या नाहीत, पण गावातून कुणा बाळंतिणीला घेऊन जीप निघाली की दोघी आपापल्या दारात उभ्या राहायच्या, जीप दिसेनाशी होईपर्यंत.

म्हणून सरपंचाची जागा बाईसाठी निघाली आणि धाकट्या काकांनी, 'नाव तुझं, कारभार माझा' असं मनात धरून, काकूला उभं केलं, तेव्हा काकू एवढंच म्हणाली, "उभी राहते. पण गावात बाळंतपणाची खोली बांधीन. नर्सबाई ठेवीन. न्हाई म्हणायचं न्हाई." काका हसले. सातवी शिकलेली बायको काय बांधणार! पण आईनं पदर खोचला. संक्रांतीचे दिवस होते. गावातल्या बाया एकमेकींना वाण देतात, कुणी प्लास्टिकचा डबा, कुणी आरसा. आई काकूला घेऊन घरोघर हळदीकुंकवाला गेली आणि हातात काही न ठेवता म्हणत गेली, "सुमनचं वाण उधार हाये बरं का. निवडून आली की खोली देईल." रशीदाखाला आमच्या मागच्या घरातली. तिच्याकडं हळदीकुंकू नसायचं, तरी तिनं दोघींना बसवून शीरखुर्मा खाऊ घातला. "अगं, मेरी दो बहुवां उस रास्ते पे मरते मरते बची. मेरा वोट बिलकुल तेराच." बाया हसत होत्या, पण मतं पडली ती त्या हसण्यातूनच पडली. काकू निवडून आली.

तिचा कारभार मी माझ्या डोळ्यांनी बघितला, कारण बारावीचा अभ्यास सोडून मी तिच्यामागं हिंडायचे. सुरुवातीला ग्रामसेवक कागद काकांकडं द्यायचे. काकूनं एकदाच सांगितलं, "भाऊसाहेब, अंगठा लावणारी दुसरी बघा. मला वाचून सांगा, मंग सही." उपसरपंच गावातला बडा शेतकरी. त्याला बाईसमोर खुर्ची ओढून बसायचं म्हणजे मोठं जड जायचं. जागा गावठाणातली, शाळेच्या बाजूची. तिथं त्याला गाळे काढायचे होते. काकूनं जालन्याला हेलपाटे घातले, एकटीनं, डब्यात भाकरी-ठेचा बांधून, आणि खोली मंजूर करून आणली. पाया खोदला त्या दिवशी आई तिथं जाऊन नुसती उभी राहिली, मातीचा ढीग बघत.

आणि त्याच हंगामात काकूला दिवस गेले. दोन पोरी होत्याच. हे तिसरं.

ग्रामसेवक भला माणूस. त्यानं घरी येऊन, चहा न पिता सांगितलं, "सरपंचबाई, नवा कायदा हाये. तिसरं लेकरू झालं की पद गेलं." कायदा सगळ्या राज्याचा. मुंबईत बसून कुणी केला, कुणाला विचारून केला, आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. उपसरपंचाला पाच पोरं होती, पण ती कायद्याच्या आधीची, म्हणून ती मोजायची नाहीत. काकूच्या पोटातलं मात्र मोजायचं. आजही मला हा हिशोब आठवला की अंगाची लाही लाही होते. कमी लेकरं असावीत हे मलाही पटतं, मी स्वतः एकावर थांबले. पण मी थांबले ते माझ्या मनानं.

तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "जालन्याला एक डॉक्टर हाये. बघून सांगतो. पोरगा असंल तर बघू काय करायचं ते. पोरगी असंल तर साफ करून टाकू. खुर्ची राह्यल." मी पाट्यावर मिरच्या वाटत होते. भिंतीपलीकडून काकूचा आवाज आला, कधी ऐकला नव्हता असा. "पहिल्या खेपेला तुमच्या मायनं ठरवलं, दुसऱ्या खेपेला तुमी ठरवलं. आता माझं मी ठरवते. मला हे पाहिजे. पोरगी असो न्हाईतर काही असो. आन् खोलीबी पाहिजे." काका म्हणाले, "दोन्ही कसं व्हईल?" भोकातून मला तिचे पाय दिसत होते, एकावर एक घट्ट ठेवलेले.

उत्तर शोधायला बाया आमच्याकडं जमल्या, दुपारी, शेंगा फोडायच्या निमित्तानं. ज्यांनी तिला निवडून आणलं त्याच त्या. एकजण म्हणाली, सुमन, राजीनामा दे, बाईला लेकरापरीस मोठं काय. दुसरी भडकली, "आन् खोली? उद्या उपसरपंच खुर्चीत बसला की पाया बुजवून गाळे काढील. माझी पोरगी मार्गशीर्षात बाळंत व्हायची हाये, तिला कुठं नेऊ?" तिसरी हळूच म्हणाली, पाडून घे. काकू सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत होती. तिचं पोट आणि गावाच्या सगळ्या बायांची पोटं तिथं समोरासमोर बसवली होती त्या कायद्यानं, आणि भांडायला लावली होती. शेवटी आई टरफलं सुपात गोळा करत, मान वर न करता म्हणाली, "माझ्या नावानं व्हऊ द्या." कुणाला कळलंच नाही. "मला एकच हाये, ही वंदी. मला चालतंय. पोट मी बांधून हिंडते. लेकरू आपल्याच घरात राह्यल, भिंतीच्या ह्या बाजूला. पाच वर्षं सरली की सुमनचं सुमनला." रशीदाखालानं कपाळावर हात मारला आणि मग आईला मिठी मारली. काकू रडली नाही. तिनं भोकाकडं बघितलं आणि म्हणाली, "अक्का, नक्की देशील ना गं?" आई म्हणाली, "येडी का खुळी तू!"

तेव्हापासून आई पोटावर जुन्या लुगड्याची घडी बांधायला लागली आणि काकू सैल झंपर घालून खांद्यावरून पदर घ्यायला. खुर्ची राहणार म्हणून काकांनी हरकत घेतली नाही. त्या महिन्यांत जालन्यात महिला सदस्यांची मोठी सभा झाली. मी काकूबरोबर होते. स्टेजवरच्या साहेबांनी महिलांच्या हाती सत्ता यावर तासभर भाषण केलं, मग एकेकीला शाल दिली. काकूनं शाल पोटावरून नीट ओढून घेतली आणि माईकजवळ उभी राहून विचारलं, "साहेब, त्यो तिसऱ्या लेकराचा कायदा करताना बायांना विचारलं व्हतं का? घरात आमचं ऐकत न्हाईत, आन् पद मात्र आमचं जातंय." साहेब हसले. "ताई, देशाचा विचार करायला पाहिजे." टाळ्या पडल्या. परतताना एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली आणि शाल माझ्या अंगावर टाकून म्हणाली, "घे, तुला थंडी वाजून राह्यली." थंडी तिला वाजत होती.

अखेरचे दिवस जवळ आले तसं आईला 'अडचणीचं बाळंतपण' म्हणून आणि काकूला 'सोबत' म्हणून अंकुशनगरला नेलं. तिथं काकूचा भाऊ साखर कारखान्यात होता. त्याच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहिलो. दिवसभर उसाच्या गाड्यांचा खडखडाट, पाळी बदलली की भोंगा, आणि सगळ्या हवेला मळीचा आंबूस वास. तिथं पोट लपवायचं नव्हतं. काकू उन्हात पाय पसरून बसायची, पोटावर हात ठेवून, आणि आई तिच्या केसांना तेल लावायची. माझ्या सगळ्या आयुष्यात मी काकूला इतकी निवांत कधी बघितली नाही. लेकरू सकाळच्या भोंग्याबरोबर झालं. मुलगी. नर्सबाईनं भीत भीत सांगितलं, तर काकू म्हणाली, "पोरगीच पाहिजे व्हती मला. द्या इकडं." पाचवीला तिनं स्वतः सटवाईची पूजा मांडली, पाटा-वरवंटा, हळद, कुंकू. तिनंच नाव ठरवलं, पूजा. कागदावर माय म्हणून आईचं नाव लागलं.

सव्वा महिना झाला आणि आम्ही जीपनं निघालो. पोरगी वाटभर काकूच्या मांडीवर होती. गावाच्या शिवेवर मारुतीचं देऊळ आहे, तिथं आईनं जीप थांबवायला लावली. काकूनं पोरीला एकदा पाजलं, तोंड पुसलं, काजळाची तीट लावली आणि आईच्या ओटीत ठेवली. मग ती जीपच्या मागच्या बाकावर जाऊन बसली, माझ्या शेजारी. गावात शिरताना लोक हात करत होते, "थोरल्या वहिनी, काय झालं?" आई म्हणत होती, "लक्ष्मी आली, लक्ष्मी." काकूनं माझा हात धरला होता. तिची नखं माझ्या तळहातात रुतली.

दूध तर काकूलाच होतं. दुपारी गाव निजलं की ती मागच्या दारानं आमच्या धान्याच्या खोलीत यायची, आणि मी उंबऱ्यात तूर निवडत राखणीला. कणग्यांच्या आड पूजी चुटुचुटु प्यायची, तो आवाज मला बाहेर ऐकू यायचा. बाकीच्या वेळी पोरगी रडली की भिंतीपलीकडं भांड्यांचा आवाज थांबायचा. आई मोठ्यानं म्हणायची, "काही न्हाई गं, वारा धरला पोटात," म्हणजे काकूला कळावं. अशी ती दोन चुलींमधली पोरगी आमच्यात वाढायला लागली.

मग पंधरा ऑगस्ट आला. आधीच्या वर्षी काहीतरी निमित्त काढून उपसरपंचानंच झेंडा लावला होता. या वर्षी काकू अडून बसली. पांढरी साडी, हिरवा काठ. आईनं आदल्या दिवसापासून मनात घेतलं होतं की आज पोरीनं आपल्या मायला झेंडा लावताना बघायलाच पाहिजे. मी म्हणाले, आई, नको. तर ती म्हणाली, "कळतं गं लेकरांना." आईची चूक झाली ती एवढीच, आणि तीसुद्धा मायेपोटी. शाळेच्या मैदानात सगळं गाव उभं, पोरं रांगेत. काकूनं दोरी ओढली, झेंडा उलगडला, राष्ट्रगीत सुरू झालं, आणि पूजी आईच्या कडेवर टाहो फोडून रडायला लागली. काकू ताठ उभी, हात कपाळाला. आणि सगळ्या गावादेखत तिच्या पांढऱ्या पदरावर, छातीशी, दोन ओले डाग उमटले आणि पसरत गेले. राष्ट्रगीत चालू असताना कुणाला हलता येत नाही. तिनं हात खाली घेतला नाही. गीत संपलं तशी पहिल्या रांगेतली रशीदाखाला पुढं झाली, "सरपंचबाई, मुबारक!" म्हणत तिला गच्च मिठीत धरून, स्वतःच्या ओढणीत गुंडाळून घेतली. मागोमाग बाकीच्या बाया. उपसरपंचाची बायकोसुद्धा. बायांचा एक घोळकाच तिला घेऊन घरी आला. एकीनंही एक शब्द विचारला नाही. पण बाप्यांनाही डोळे होते, आणि उपसरपंचानं तक्रार केली.

चौकशी जालन्याला झाली. नव्या जालन्यातल्या सरकारी कचेरीत आम्ही सगळे गेलो, बायांचा टेम्पो भरून. आईला पूजीला घेऊन यायला सांगितलं होतं. एकेका बाईला आत बोलावलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, लेकरू थोरलीचं. उपसरपंचाच्या बायकोनंही तेच सांगितलं, नवऱ्यासमोर, खाली बघून. घरी तिचं काय झालं असेल ते तिलाच ठाऊक. रशीदाखाला तर ओरडलीच, "मेरे हाथों पेट की मालिश करी मैं इसकी! झूट बोलनेवाले की जबान झडो!" अधिकारी तरुण होता, त्यालाही ते नको झालं होतं. शेवटी त्यानं काकूला उभं केलं. पूजी आईच्या मांडीवर बसून स्वतःचं पायातलं वाळं ओढत होती. "शपथेवर सांगा. ही मुलगी तुमची आहे का?"

काकूनं पूजीकडं बघितलं. तिला बघून पूजी हसली आणि दोन्ही हात पुढं केले, घे म्हणून.

"न्हाई," काकू म्हणाली. "माझ्या जावेची हाये."

काकूचं पद राहिलं. बाहेर बाया रडत होत्या, हसत होत्या, कुणी जुन्या जालन्यातून पेढे आणायला गेली. काकू कचेरीच्या पायरीवर बसली होती. मी पाणी दिलं ते तिनं तोंडापर्यंत नेलं आणि तसंच खाली ठेवलं. त्या दिवसापासून ती धान्याच्या खोलीत आली नाही. आईनं दोनदा बोलावलं, भोकातून हाका मारल्या. चार दिवसांनी सकाळी बघितलं तर भोक बुजवलेलं, पलीकडून, शेणमातीनं सारवून. आई त्या ओल्या मातीवर हात ठेवून बसून राहिली. तिला राग आला नव्हता. मला आला होता. आता कळतं, पोरीचं रडणं ऐकू आलं की काकूचं दूध उतरायचं. ती तरी काय करणार होती!

खोली मात्र झाली. पांढरी, निळ्या दाराची, आत लोखंडी खाट, नळ आणि नर्सबाई. पहिली बाळंत झाली ती मार्गशीर्षवाल्या बाईची पोरगीच, पण दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला खोलीला नुसत्या भिंती होत्या. काकू प्रत्येक बाळंतिणीला बघायला जायची, डिंकाचे लाडू घेऊन. लेकराला हातात मात्र घ्यायची नाही. "माझे हात खरबरीत हायेत," म्हणायची.

तिची मुदत संपली त्या दिवशी आईनं पूजीला न्हाऊ घातलं, नवा फ्रॉक घातला, दोन वेण्या घातल्या. मी सुट्टीला घरी आले होते. आईनं रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता हे तिच्या तोंडावर दिसत होतं, पण तिनं पोरीचं बोट धरलं, भिंतीला वळसा घालून काकूच्या दारात गेली आणि म्हणाली, "सुमन, घे गं. दिलेला शब्द हाये माझा." काकू भाकऱ्या थापत होती. पिठाचे हात तसेच धरून ती उठली. पूजीला म्हणाली, "येती का माझ्याकडं?" पूजी भाकरीच्या वासानं खुशीत आत गेली. आई परत आली आणि आमच्या चुलीपुढं बसून राहिली. दादांनी जेवायला मागितलं नाही.

दुपारपर्यंत पलीकडून हसण्याचे आवाज येत होते. काकूच्या पोरी तिला खेळवत होत्या. मग आवाज थांबले. मग बारीक रडणं, मग मोठं रडणं, "आई, आई," आणि काकूचा आवाज, "अगं मी हाये ना, मी हाये ना." आई उठली, पुन्हा बसली, पदराचा बोळा तोंडात धरला. ते रडणं दिवेलागणीपर्यंत चाललं.

दिवेलागणीला काकू दारात आली. पूजी तिच्या कडेवर, रडून रडून दमलेली, आणि आईला बघताच तिनं अशी झेप घेतली की काकूचा तोल गेला. पोरगी आईच्या मानेला चिकटली. वेण्या सुटल्या होत्या. काकूनं त्या पुन्हा घातल्या होत्या, तिच्या पद्धतीनं, घट्ट, खालपर्यंत. आई म्हणाली, "सवय व्हईल गं तिला. उद्या परत ने. जल्दी करू नको." काकूनं मान हलवली. फ्रॉकला लागलेलं पीठ तिनं हातानं झटकलं, एकदा, दोनदा.

"न्हाई अक्का," ती म्हणाली. "त्या दिवशी कचेरीत मी न्हाई म्हणले, तव्हा ती तुझ्या मांडीवर व्हती. तिनं ऐकलं वाटतं."